नाताळाचें जुनें गीत आणि त्याची उदास चाल
(भजनमंडळांच्या अभ्यासासाठीं)

नाताळ जवळ आला कीं आमच्या गांवोगांवच्या मंडळ्यांत गीतांची तालीम सुरू होते, आणि तिच्याबरोबर एक जुना वादही जागा होतो. आजकाल हातांतल्या फोनवर जगांतील हरएक गीत येऊन पोंचतें. तरुण मंडळी त्यांतूनच एखादें ओळखीचें नाताळगीत नव्या रूपांत शोधून आणितात. चाल संथ, स्वर उतरलेले, वाद्य एकच, आणि ऐकतांना अंगावर कांटा उभा राहावा असा एकंदर भाव. कोणी डोळे पुसतो, कोणी तोंड वांकडें करून विचारतो, "हें जन्माचें गाणें कीं मयताचें?" दोघेही मनापासून बोलत असतात. तेव्हां ह्यांपैकीं एकास गप्प बसविण्यापूर्वीं अशा चालींविषयीं थोडा अभ्यास करावा, असें आम्हांस वाटतें.

सर्वांच्या परिचयाचें एक गीत घेऊं. ख्रिस्तजन्माच्या शांत, पवित्र रात्रीचें वर्णन करणारें तें जर्मन गीत मराठींतही गाइलें जातें. त्याचे शब्द योसेफ मोर ह्या तरुण धर्मगुरूनें १८१६ सालीं ऑस्ट्रियांत लिहिले. दोन वर्षांनीं फ्रांत्स ग्रूबर नांवाच्या शाळामास्तरानें त्यांस चाल लाविली, आणि २४ डिसेंबर १८१८ रोजीं ओबेरन्डॉर्फ गांवच्या मंदिरांत गिटारच्या साथीवर तें प्रथम गाइलें गेलें. आतां १८१६ हें साल कसलें होतें तें पाहा. नेपोलियनचीं युद्धें नुकतींच संपलीं होतीं. त्याच्या आदल्या वर्षीं, म्हणजे १८१५ मध्यें, तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट होऊन त्याची राख व धुरळा आकाशांत पसरला होता. त्यामुळें युरोपांत त्या सालीं उन्हाळा असा पडलाच नाहीं, पिकें बुडालीं आणि धान्य महाग झालें. म्हणजे ज्या गीतास आपण निव्वळ गोड समजतों, तें टंचाईच्या वर्षीं लिहिलेलें आहे.

ह्याच गीताचें एक रूप अमेरिकेंत १९६६ सालीं निघालें. पॉल सायमन व आर्ट गारफंकेल ह्या दोघां गायकांनीं तें आपल्या एका ध्वनिमुद्रिकेच्या अगदीं शेवटीं घातलें. त्यांनीं चाल मोडली नाहीं, शब्दही बदलले नाहींत. पियानोच्या साथीवर दोघे हळुवार गात आहेत. आणि पाठीमागून संध्याकाळीं सातच्या बातम्या सांगणाऱ्या माणसाचा आवाज येतो. आरंभीं तो कानांवर पडतो न पडतो इतका बारीक असतो, मग चढत जातो. नागरिक हक्कांच्या कायद्यावरून चाललेला वाद, एका विनोदी नटाचा अमली पदार्थांनीं झालेला मृत्यु, डॉ. मार्टिन ल्यूथर किंग ह्यांच्या मोर्च्यावरून माजलेली तेढ, परिचारिका होऊं पाहणाऱ्या मुलींचा खून करणारा आरोपी, व्हिएतनामचें युद्ध, असा एक एक मजकूर येत जातो. गाणारे मात्र थांबत नाहींत व आवाजही चढवीत नाहींत. ऐकणारा दोन आवाजांच्या मध्यें सांपडतो.

ह्याविषयीं ऐकणाऱ्यांत तेव्हांपासून मतभेद आहेत. एवढ्या पवित्र गीतांत खुनाच्या बातम्या मिसळणें कित्येकांस अमंगळ वाटतें. दुसरे म्हणतात कीं, युक्ति फार ढोबळ आहे. जें न सांगतां समजलें असतें तें ओरडून सांगितलें आहे. हा दुसरा आक्षेप आम्हांस अधिक विचारणीय वाटतो. परंतु पुष्कळांचा अनुभव असाही आहे कीं, एकदां तें ऐकल्यावर मूळ गीत पूर्वीसारखें सवयीनें गातां येत नाहीं. 'शांति' ह्या शब्दावर जीभ अडखळते. आमच्या मतें ह्या गायकांनीं शुभवर्तमानाबाहेरचें असें कांहीं केलें नाहीं. लूकाच्या दुसऱ्या अध्यायाचा आरंभ काढून पाहा. तेथें प्रथम देवदूत नाहीं, तारा नाहीं. कैसराचा हुकूम आहे, खानेसुमारी आहे, सुभेदाराचें नांव आहे. ती त्या दिवसाची सरकारी बातमीच होय, आणि तिच्या पोटांतून जन्माची कथा निघते.

आतां "मयताचें गाणें" ह्या आक्षेपाकडे वळूं. इंग्लंडांतील कॉव्हेंट्री शहरीं कारागिरांच्या संघांनीं केलेल्या जुन्या धर्मनाटकांत एक पाळणा आहे. तो मरीयेचा नव्हे, तर हेरोदाचे शिपाई दारीं येण्यापूर्वीं बेथलेहेमांतील आया आपल्या बाळांस निजवितात, तेव्हांचा आहे. त्याचे शब्द १५३४ सालच्या व सूर १५९१ सालचे म्हणून नोंदलेले होते. मूळ हस्तलिखित १८७९ मध्यें बर्मिंगहॅमच्या ग्रंथालयास आग लागली तींत जळालें, परंतु त्यापूर्वींच तें छापून निघाल्यामुळें गीत वांचलें. पुढें १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्रीं बाँबवर्षावानें कॉव्हेंट्रीचें मोठें मंदिर उद्ध्वस्त झालें, आणि त्याच वर्षीं नाताळांत त्या भग्न भिंतींमधून हें गीत गाइलें गेलें व रेडिओवरून दूरवर ऐकविलें गेलें. त्या दिवशीं तें अशुभ आहे असें कोणास वाटलें असेल, हें संभवत नाहीं.

पेटी वाजविणाऱ्या बंधूंनीं ह्या गीताची एक खुबी ध्यानांत घ्यावी. सबंध चाल कोमल गंधारावर चालते, म्हणून मन खालीं ओढलें जातें. पण शेवटच्या सुरावटींत गंधार शुद्ध होतो. कोमलाची काळी पट्टी सोडून बोट शेजारच्या पांढऱ्या पट्टीवर गेलें कीं अंधाऱ्या खोलींत कोणी दिवा आणून ठेवावा तसें वाटतें. (षड्ज कोठें धरला त्यावर पट्टीचा रंग अवलंबून, हें वादकांस सांगणें नलगे.) उदास चाल व निराश चाल ह्यांतील अंतर पुष्कळदां एवढेंच असतें. जी चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसती कण्हत राहते, तिच्याविषयीं वडील माणसांनीं कुरकुर केली तर आम्ही त्यांच्या बाजूचे आहों.

नव्या चालीविषयींचा हा वाद अहिल्यानगर जिल्ह्यास, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरास, मुळींच नवा नाहीं. अमेरिकन मिशनचें काम नगरास १८३१ सालीं सुरू झालें. त्यानंतर कित्येक वर्षें मराठी शब्द विलायती चालींत कोंबून गाण्याची रीति होती. विलायती चालींत ठराविक ठिकाणीं जोर येतो. मराठी पद्य ऱ्हस्व-दीर्घ मात्रांवर नाहीं तर ओंवी-अभंगासारखें अक्षरसंख्येवर चालतें. त्यामुळें जोर भलत्याच अक्षरावर पडे, 'चा' आणि 'ची' ह्यांसारखे प्रत्यय लांबविले जात, आणि मुख्य शब्द गिळला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कृष्णराव सांगळे प्रभृतींनीं ख्रिस्ती कीर्तनास रूप दिलें, आणि रे. नारायण वामन टिळक ह्यांनीं, १८९५ मध्यें बाप्तिस्मा घेतल्यावर, नगर व राहुरी येथें राहून अभंग, पदें व भजनें विपुल रचिलीं. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलों, असें ते म्हणत. टाळ-मृदंग हीं देवळांतलीं वाद्यें, त्यांचा ठेका उपासनेंत कशाला, ही शंका त्या काळीं घेतली गेली. आज टिळकांचीं भजनें गाणाऱ्या आजीबाईस हा वाद सांगितला तर तिला हंसूं येईल. तिच्या कानांस तीच खरी जुनी चाल, आणि नातवाची गिटार परकी. आरंभींचें नाताळगीतही गिटारवरच जन्मलें होतें, हें तिला सांगावयास हरकत नाहीं.

पाळण्याविषयीं दोन शब्द. पाळणा म्हणणें ही आमच्या स्त्रियांची पिढीजात विद्या आहे, आणि ख्रिस्तजन्माचे पाळणे आमच्या मंडळ्यांत गाइले जातात. ग्रूबरची चाल सहा मात्रांच्या हेलकाव्यावर आहे; ती दादऱ्याच्या ठेक्यांत अलगद बसते, कारण मुळांत तोही झोकाच आहे. तिला ओढून आठ मात्रांच्या भजनी ठेक्यांत घातलें तर शब्द ताणले जातात व झोका थांबतो. म्हणून चाल हळू करावयाची तर लय कमी करावी, ठेका बदलूं नये. दुसरें असें कीं, आमच्या बायकांनीं जात्यावर म्हटलेल्या ओंव्या व पाळणे नुसते आनंदाचे कधींच नव्हते. माहेर, सासर, गेलेलें मूल, न आलेला पाऊस, हें सर्व त्याच सुरांत येई. तेव्हां उदास पाळणा ही परदेशांतून आलेली वस्तु आहे, असें कोणीं समजूं नये.

आणि हा प्रश्न केवळ गाण्याचा आहे काय? पाथर्डी-शेवगांवकडील पुष्कळ कुटुंबें दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीस जातात व हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडावर, परत येतात. नाताळाच्या रात्रीं त्यांतील ख्रिस्ती कुटुंबें आपल्या मंदिरांत नसतात, कोठल्यातरी कारखान्याच्या हद्दींत पाचटाच्या कोपींत असतात. तेथें रात्र शांत नसते. गाडी आली कीं मध्यरात्रीं उठून मोळ्या भराव्या लागतात, आणि तान्हें मूल कोपींत नाहीं तर फडाच्या कडेला निजवावें लागतें. बेथलेहेमांत उतारशाळेंत जागा नव्हती, हें त्या आईस व्याख्यान देऊन समजवावें लागत नाहीं. ज्या मंडळीचीं निम्मीं बांकें ह्या कारणानें रिकामीं आहेत, तिनें झगमगीत तोरणाखालीं केवळ टाळ्यांचीं गीतें गावीं, आणि एकही सूर त्या रिकाम्या बांकांकडे वळूं नये, हें आम्हांस बरोबर दिसत नाहीं. एका विश्वासी बाईनें अशा गीताविषयीं "हें माझ्या लेकीचें गाणें आहे" असें म्हटलें, तर तेथें चालीविषयींचा वाद थांबवावा.

तालमीसाठीं आमची सूचना एवढीच. जुनी चाल आधीं सर्वांनीं मिळून म्हणावी, लहान मुलांसह. मग मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायांतील हेरोदाचा वृत्तांत व राहेलीच्या विलापाचें वचन एकानें सावकाश वाचावें. त्यानंतर तेंच गीत नव्या चालींत दोघांतिघांनींच म्हणावें. एक पेटी पुरे, तबला नको, आणि ध्वनिक्षेपक तर मुळींच नको, कारण कर्ण्यांतून बाहेर पडला कीं हळू सूर हळू राहत नाहीं. शब्द शेवटच्या बांकापर्यंत स्पष्ट जातात कीं नाहीं, हें एकानें मागें बसून पाहावें. गीत संपल्यावर लगेच सूचना व वर्गणीची यादी वाचूं नये. ज्यांस चाल आवडली नाहीं त्यांस पाळकानें दुसऱ्या दिवशीं घरीं जाऊन कारण विचारावें, आणि नव्या सालीं तालीम धरतांना त्यांपैकीं एकास ऐकावयास बोलवावें.