सकाळी आधी फ्रिज

लायसन भिंतीला लागलं पोरी, दुकान आता तुझं. चाळीस वर्षं या काउंटरमागे उभा राहिलो, त्यातलं थोडं सांगतो.

सकाळी शटर वर केलंस की उदबत्तीच्या आधी फ्रिज उघड. थर्मामीटर कमाल-किमान दाखवणाराच वापर. रात्री लाइट गेली तेव्हा आत काय झालं, ते तोच सांगतो. आकडा वहीत लिही, संध्याकाळी पुन्हा लिही. इन्सुलिनला २ ते ८ अंश लागतात. गरम झालं तर बिघडतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण फ्रीझरला चिकटून एकदा गोठलेलं इन्सुलिनही वायाच जातं, आणि वितळल्यावर ते दिसायला चांगलं दिसू शकतं. ते विकायचं नाही. नुकसान सोसायचं. दाराच्या कप्प्यात ठेवू नकोस, दार दिवसभर उघडतं. त्या फ्रिजमध्ये दुधाची पिशवी नको, पाण्याची बाटली नको. गिऱ्हाईक लांबच्या गावचं असेल तर बर्फासोबत दे, पण मध्ये जाड कागद गुंडाळ.

नवा माल मागे, जुना पुढे, हे कॉलेजात शिकलीस. पण कालच्या खेपेतला माल कधी कधी आधीच्यापेक्षा लवकर संपणारा निघतो. म्हणून आल्याची तारीख धरू नकोस, एक्सपायरी वाच. संपलेल्याचा डबा वेगळा, त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं.

स्ट्रिप कापताना बॅच नंबर आणि तारीख असलेलं टोक शेवटपर्यंत आपल्याकडे ठेव. सुट्या चार गोळ्या नेणाऱ्यालाही बिल दे. त्याच्या हातात बॅच आणि एक्सपायरीची तेवढीच खूण असते.

शेड्यूल एच१ यादीतली औषधं दिलीस की रजिस्टर तेव्हाच भर. ते तीन वर्षं जपावं लागतं. रात्री लिहू म्हटलं तर नावं आठवत नाहीत.

आता माझ्या हातून झालेलं सांगतो. संधिवाताच्या एका आजींना मेथोट्रेक्सेट दिलं. ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. मी तोंडी सांगितलं, पाकिटावर लिहिलं नाही. काही दिवसांनी त्या तोंडात फोड आले म्हणून मलम मागायला आल्या. विचारलं, तर गोळी रोज चालू होती. तसंच रिक्षात बसवून डॉक्टरांकडे नेलं. त्या वाचल्या. तेव्हापासून पाकिटावर वार लिहितो, ‘फक्त सोमवारी’, आणि समोरच्याकडून तो वार म्हणवून घेतो. मान हलवली म्हणजे कळलं असं धरू नकोस.

आणि तू दुकानात नसताना चिठ्ठीवरचं औषध पोऱ्यानं द्यायचं नाही. १९४८चा फार्मसी कायदाही तेच सांगतो. शटर अर्धं ओढ, पाटी लाव, जेवून ये. लोक थांबतात.