औषधाचा डोस आणि वजनाचं गणित



आठवीला आपण समचलन शिकवतो. वह्या दुप्पट, तर पैसे दुप्पट. मुलांना हे तोंडपाठ असतं, म्हणून त्यात आता फारसा दम राहिलेला नाही. त्याऐवजी औषधाचा डोस घेऊन बघा. लहान मुलाला ताप आला की डॉक्टर आधी वजन बघतात. पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिग्रॅ धरलं, तर १० किलोच्या बाळाला एका वेळी १५० आणि २० किलोच्या मुलाला ३०० मिग्रॅ. झालं समचलन!

पण हे समचलन कुठपर्यंत चालतं? याचं उत्तर कर्करोगाच्या इम्युनोथेरपीत फार छान सापडतं.

आपल्या शरीरातल्या टी पेशी रोगाशी लढतात. त्यांच्यावर पीडी-१ नावाचा एक ब्रेक असतो. कर्करोगाच्या पेशी हा ब्रेक दाबतात आणि टी पेशी थंड पडतात. पेम्ब्रोलिझुमॅब आणि निवोलुमॅब ही औषधं त्या ब्रेकवरच जाऊन बसतात, म्हणजे कर्करोगाला तो दाबता येत नाही. (पीडी-१ शोधणाऱ्या तासुकु होंजो यांना जेम्स अ‍ॅलिसन यांच्यासोबत २०१८ चं नोबेल मिळालं.)

२०१४ मध्ये अमेरिकेत दोन्ही औषधांना मंजुरी मिळाली, तेव्हा डोस वजनावर होता. पेम्ब्रोलिझुमॅब किलोमागे २ मिग्रॅ दर तीन आठवड्यांनी, निवोलुमॅब किलोमागे ३ मिग्रॅ दर दोन आठवड्यांनी. २०१६ पासून सरसकट डोस आला: पहिलं २०० मिग्रॅ, दुसरं २४० मिग्रॅ, वजन काहीही असो. मुलांना इथे भागाकार करायला लावा. २०० भागिले २, म्हणजे १०० किलो. २४० भागिले ३, म्हणजे ८० किलो. आपल्याकडे १०० किलोचे पेशंट किती असतात? ५० किलोच्या बाईला जुन्या हिशेबाच्या बरोबर दुप्पट पेम्ब्रोलिझुमॅब जातं.

मग तिला अपाय होतो का? चाचण्यांमध्ये किलोमागे २ आणि १० मिग्रॅ अशी तुलना झाली होती. डोस पाचपट, पण गुण जवळपास तेवढाच, आणि त्रासातही मोठा फरक नाही. कारण सोपं आहे. वर्गात ४० बाकं असतील आणि प्रत्येकावर एकच मूल बसत असेल, तर साठ मुलं पाठवून उपयोग नाही, वीस उभीच राहणार. ब्रेक एकदा भरले की जादा औषध तसंच उभं राहतं. आलेखावर रेषा वर जाते आणि मग आडवी होते. समचलन तिथे संपतं.

सरसकट डोसची सोय खरीच आहे. हिशेबात चूक होत नाही, बाटलीत औषध उरत नाही. पण या औषधांचा खर्च लाखांत जातो, आणि जादा औषधाचे पैसेही पेशंटलाच भरावे लागतात. कॅनडात अनेक ठिकाणी किलोमागे २ मिग्रॅच देतात, फक्त २०० च्या वर जात नाहीत. मला हा मार्ग जास्त पटतो.

मुंबईच्या टाटा मेमोरियलने तर आणखी पुढचा प्रश्न विचारला. डोकं आणि मानेच्या कर्करोगाच्या १५१ पेशंटांपैकी निम्म्यांना नेहमीच्या गोळ्यांसोबत दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिग्रॅ निवोलुमॅब दिलं, म्हणजे २४० चा बारावा हिस्सा. वर्षभरानंतर नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी सुमारे १६ टक्के हयात होते, निवोलुमॅब मिळालेल्यांपैकी सुमारे ४३ टक्के. इथे मुलांना एक गोष्ट जरूर विचारा: २० मिग्रॅ हे २४० च्या बरोबरीचं आहे, असं यातून सिद्ध झालं का? नाही. तशी तुलना यात केलेलीच नव्हती. ज्यांना पूर्ण डोस परवडत नाही त्यांना थोडाही उपयोगी पडतो, एवढंच कळलं. डोस ठरवणं अर्थातच डॉक्टरांचं काम, घरी बसून कुणी तो कमी करू नये.

आता वर्गासाठी एक काल्पनिक उदाहरण. चार पेशंट, वजनं ३९, ४८, ५२ आणि ६१ किलो. पेम्ब्रोलिझुमॅबची बाटली १०० मिग्रॅची. सरसकट डोसला आठ बाटल्या लागतील. किलोमागे २ मिग्रॅ धरून प्रत्येकाला वेगळ्या दिवशी बोलावलं आणि उरलेलं टाकून दिलं, तर सहा. चौघांना एकाच दिवशी बोलावून बाटल्या वाटून घेतल्या, तर किती? मुलांनाच काढू द्या.