थट्टेतला क्वेकर : इंग्रजी विनोदी पद्याचा एक कोपरा

क्वेकर हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना ओट्सच्या डब्यावरून ठाऊक असते. क्वेकर वेषातल्या गृहस्थाचे ते चित्र १८७७ साली अमेरिकेत व्यापारचिन्ह म्हणून नोंदवले गेले. गंमत अशी की, त्या धंद्याचा क्वेकर पंथाशी काही संबंध नव्हता. सचोटीचा माणूस म्हणून क्वेकराची ख्याती होती, ती डब्यावर चिकटवली गेली, इतकेच. पण त्याच्या आधी दीडदोनशे वर्षे हाच माणूस इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतल्या गाण्यांत आणि शहरी रंगभूमीवर थट्टेचा विषय होता. इंग्रजी विनोदी पद्य वाचताना मला तो वारंवार भेटला, आणि त्याला हसणारे नेमके कशाला हसत होते, हा प्रश्न पडला.

मुळात ‘क्वेकर’ हे नावच थट्टेतून आले. पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स याला १६५० साली डर्बी येथे न्यायाधीशापुढे उभे केले होते. परमेश्वराच्या वचनापुढे थरथर कापा, असे त्याने न्यायाधीशालाच बजावले. त्यावर न्यायाधीशाने या मंडळींना ‘थरथरे’ म्हटले, असे खुद्द फॉक्सनेच लिहून ठेवले आहे. ते स्वतःला ‘मित्र’ म्हणवीत. जगाने मात्र टोपणनावच कायम केले. त्यांच्या सभेत पुरोहित नसे, स्तोत्रे नसत. सारे गप्प बसत, आणि आतून प्रेरणा झाली तर कुणीही, अगदी एखादी बाईसुद्धा, उठून बोले. घंटा, वाद्यवृंद आणि प्रवचन यांची सवय असलेल्या गावाला हे मौन विचित्र वाटले तर नवल नाही.

त्याहून विचित्र वाटले ते त्यांचे बोलणे, आणि हा मुद्दा मराठी वाचकाला इंग्रज वाचकापेक्षा लवकर कळेल. सतराव्या शतकातल्या इंग्रजीत आपल्यासारखेच ‘तू’ आणि ‘तुम्ही’ असे दोन व्यवहार होते : थोरांना ‘यू’, बरोबरीच्याला किंवा चाकराला ‘दाऊ’. क्वेकरांनी सगळ्यांनाच एकेरीत हाक मारायला सुरुवात केली. माणूस एक असताना अनेकवचन वापरणे हे खोटे आणि शिवाय लाळघोटेपणाचे, असे त्यांचे म्हणणे. कल्पना करा, आपल्याकडे एखादा कुळवाडी मामलेदार कचेरीत जाऊन साहेबाला ‘काय रे, तुझे काय म्हणणे आहे?’ असे विचारतो आहे, आणि डोक्यावरची टोपीही काढत नाही! मार खाल्ला नाही तरच आश्चर्य. क्वेकरांनी मारही खाल्ला आणि तुरुंगही भोगले.

पुढे मात्र भाषेनेच खेळ केला. सामान्य इंग्रजीतून ‘दाऊ’ हळूहळू नाहीसे झाले. राजालाही ‘यू’ आणि मोलकरणीलाही ‘यू’. म्हणजे सर्वांना एकच सर्वनाम, हे क्वेकरांचेच मागणे एका अर्थी मान्य झाले, पण उलट्या दिशेने! शिल्लक राहिला तो क्वेकराचा ‘दी’, तोही बहुधा व्याकरणाच्या दृष्टीने चुकीच्या विभक्तीत. जो शब्द कधी उद्धटपणाचा वाटत होता, तो आता जुनाट आणि मजेदार वाटू लागला. विनोदी पद्यकारांना हवे ते आयते मिळाले. दोन वेळा ‘दी’, एक राखाडी कोट आणि एक रुंद टोपी एवढ्यावर त्यांचा क्वेकर उभा राही.

या साऱ्यात मला सर्वांत आवडले ते ‘क्वेकराची मागणी’ या अर्थाच्या नावाने इंग्लंड-अमेरिकेत गायले गेलेले लोकगीत. तो प्रियाराधनाला येतो, अंगठी देऊ करतो, पैसा देऊ करतो. ती ठसकेबाज मुलगी दोन्ही झिडकारते. त्याच्या वाट्याला सुस्कारे टाकणारे ध्रुपद आणि तिच्या वाट्याला नाचरे. आपल्या लावणीतल्या सवालजवाबाची सवय असलेल्याला हा थाट परका वाटणार नाही. काही पाठांत मात्र तो विचारतो, मी माझा पंथ सोडून प्रेस्बिटेरियन व्हावे काय? श्रोते इथे हसत असतील. पण पंथाबाहेर लग्न करणाऱ्याला क्वेकर मंडळी खरोखरच सभासदत्वातून काढून टाकीत. इंग्लंडमध्ये हा नियम सैल झाला तो १८६० च्या सुमारास. तेव्हा त्या बिचाऱ्याचा प्रश्न अगदी हिशेबी आणि खरा होता. एका होकारासाठी सारे गणगोत गमवायचे की काय, असे तो विचारत होता. हे कळल्यावर मला ते गीत पहिल्यासारखे हसत वाचता आले नाही, आणि तरी ते आवडेनासेही झाले नाही.

चार्ल्स डिब्डिनच्या ‘द क्वेकर’ (१७७५) या संगीतिकेत गाव आहे, मे महिन्याचा उत्सव आहे आणि तरुण गिलियनशी लग्न करू पाहणारा स्टेडी नावाचा प्रौढ क्वेकर आहे. ‘शारदा’ नाटक ठाऊक असलेल्यांना पुढचे कथानक सांगायला नको असे वाटेल. पण स्टेडी शेवटी तिला तिच्या प्रियकराच्या हाती सोपवतो. हसे व्हायला आलेला माणूस सभ्य ठरून जातो.

टॉमस हूडचे प्रकरण वेगळे. जॉन हॅमिल्टन रेनल्ड्सच्या साथीने १८२५ साली काढलेल्या उपहासपर संबोधनांच्या संग्रहात त्याने एलिझाबेथ फ्राय या क्वेकर बाईंना उद्देशून एक कविता लिहिली. बाई लंडनच्या न्यूगेट तुरुंगात शिकवतात. हूड म्हणतो, बाई, तुमचा वेष आवडतो, मौन आवडते, पण शाळा तुरुंगाबाहेर काढा, पोरे बिघडण्याआधी शिकवा. न्यूगेट आणि ‘निरर्थक’ या अर्थाचा इंग्रजी शब्द यांवर त्याने श्लेषही साधला आहे. युक्तिवाद चतुर आहे. मात्र १८१७ मध्ये बाईंनी तुरुंगात शाळा काढली ती कैदी बायकांबरोबर आत राहणाऱ्या लेकरांसाठीच. ती मुले गुन्हा न करताच आत होती. माझ्या मते इथे कवीपेक्षा बाईंची बाजू वरचढ आहे, जरी कविता कवीची असली तरी.

क्वेकर नुसतेच थट्टा सोसत बसले, असे मात्र समजू नये. २ मार्च १९३० चे गांधीजींचे पत्र व्हाइसरॉय आयर्विन यांच्याकडे घेऊन जाणारा तरुण रेजिनाल्ड रेनल्ड्स (वरच्या रेनल्ड्सशी याचा संबंध नाही) क्वेकर शाळेत शिकलेला होता. मिठाच्या सत्याग्रहापूर्वीचा तो निर्वाणीचा खलिता. पुढे हाच गृहस्थ इंग्लंडात उपहासात्मक पद्ये लिहू लागला, ‘व्हाइट साहिब्ज इन इंडिया’ (१९३७) मध्ये साम्राज्याचा हिशेब मांडला, आणि मग दाढ्यांवर एक व पलंगांवर एक असे ग्रंथच लिहिले.