वय झालं की बीपी वाढायचंच?

वस्तीत बीपी तपासायला बसलो की एक वाक्य हमखास कानावर येते, "सिस्टर, सत्तरी झाली, मग 170 असणारच. शंभर अधिक वय!" हा हिशेब चुकीचा आहे.

वयाबरोबर मोठ्या रक्तवाहिन्या ताठर होतात. नवी रबरी नळी ताणते, जुनी कडक होते, तसेच हे. त्यामुळे वरचा आकडा वाढत जातो आणि खालचा बहुधा साठीच्या आसपास उतरू लागतो. म्हणून 170/75 आले तर "खालचं चांगलं आहे" म्हणून गप्प बसू नका. वाढलेला वरचा आकडा एकटाही लकवा आणि हार्ट अटॅकचा धोका वाढवतो. वेगवेगळ्या दिवशी तपासूनही 140/90 किंवा जास्त येत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

"एवढ्या वयात गोळ्या कशाला?" असे घरचेही म्हणतात. 2008 साली 80 वर्षांवरच्या 3,845 बीपीच्या रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गोळी घेणाऱ्यांमध्ये मृत्यू आणि हृदय कमजोर होण्याचे प्रमाण कमी दिसले.

पण म्हातारपणी औषध कमी डोसने सुरू करून हळूहळू वाढवावे लागते. उठून उभे राहताच बीपी उतरून चक्कर येते, माणूस पडतो आणि खुब्याचे हाड मोडते. म्हणून बसून आणि उभे राहून, दोन्ही वेळा बीपी मोजायला सांगा. उभे राहिल्यावर वरचा आकडा 20 ने किंवा जास्त उतरला तर डॉक्टरांना कळवा. झोपेतून उठताना आधी दोन मिनिटे बसा, मग उभे राहा.

घरच्यांनी एवढे बघावे:
• मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसवा. अर्धा तास आधी चहा, विडी, तंबाखू नको.
• गुडघेदुखीची गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नका. अशा बऱ्याच गोळ्यांनी बीपी वाढते, किडनीलाही त्रास होतो.
• जुलाब-उलट्या झाल्या तर लघवी वाढवणाऱ्या गोळीबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.
• पापड, लोणचे, खारी सुकी मासळी कमी करा. दिवसाचे मीठ चमचाभराच्या आत ठेवा.

आमच्या ओळखीच्या एका आजींनी बीपी नॉर्मल आले म्हणून गोळी सोडली. काही महिन्यांत उजवा हात लुळा पडला. बीपी नॉर्मल होते ते गोळीमुळेच, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. तुम्ही आज घरच्या म्हाताऱ्या माणसाला सांगा.