वल्हे आणि पहार : दत्तू भोकनळ यांच्या चरित्रावरून एक पाठ



वृत्तपत्रांत ‘नौकानयन’ हा एकच शब्द तीन निरनिराळ्या क्रीडाप्रकारांसाठी योजलेला आढळतो, आणि त्यामुळे मुलांचाच नव्हे, तर पुष्कळदा आपला स्वतःचाही गोंधळ होतो. म्हणून पाठाला आरंभ करण्यापूर्वी हा भेद फळ्यावर आकृती काढून स्पष्ट करावा.

शिडात वारा भरून जाणारी नौका हा पहिला प्रकार. दुसरा प्रकार कयाक व कॅनो यांचा. कयाकमध्ये खेळाडू पाय पुढे पसरून, जिकडे जायचे तिकडे तोंड करून बसतो आणि दोन्ही टोकांना पाते असलेले एकच वल्हे हातांत धरून डावीकडे-उजवीकडे आलटून पालटून पाणी मागे सारतो. हे वल्हे नौकेला कोठेही जोडलेले नसते. कॅनोत खेळाडू एक गुडघा टेकून बसतो व त्याच्या वल्ह्याला एकच पाते असते. कयाक ही मुळात उत्तर ध्रुवाकडील हिमप्रदेशातील शिकाऱ्यांची, सीलच्या कातड्याने मढविलेली होडी. तिच्या शर्यती १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये प्रथम समाविष्ट झाल्या.

तिसरा प्रकार म्हणजे ‘रोइंग’, वल्हवण्याची शर्यत. येथे खेळाडू गंतव्य स्थानाकडे पाठ करून बसतो. वल्ही नौकेच्या बाजूला आलेल्या आधारांत अडकविलेली असतात आणि बसण्याची बैठक रुळांवर पुढे-मागे सरकते. पाहणाऱ्याला वाटते की सारे काम दंडांचे आहे. वस्तुतः जोर लागतो तो प्रामुख्याने मांड्यांचा. पाय ताठ होत असताना पाठ मागे झुकते आणि हात केवळ अखेरीस छातीकडे ओढले जातात. एकट्याने दोन वल्ही चालवावयाची शर्यतीची नौका सुमारे आठ मीटर लांब असते व तिचे किमान वजन १४ किलो ठरविलेले आहे. म्हणजे आपल्या पाचवीतील मुलाच्या वजनाच्या निम्म्याहूनही कमी. अशा काडीसारख्या नौकेत तोल राखणे हीच पहिली परीक्षा.

कयाकची अल्प पल्ल्याची शर्यत ५०० किंवा १,००० मीटरांची, तर ऑलिंपिकमधील रोइंगची शर्यत दीर्घकाळ २,००० मीटरांची राहिली आहे. हे अंतर मुलांच्या डोळ्यांपुढे उभे करण्याची उत्तम संधी म्हणजे मुंबईची सहल. राणीची बाग पाहून झाली की आपल्या शाळांच्या सहली गिरगावच्या चौपाटीवर उतरतातच. मरीन ड्राइव्हचा रस्ता सुमारे ३.६ किलोमीटर लांबीचा आहे. चौपाटीपासून नरीमन पॉइंटच्या दिशेने त्याच्या निम्म्याहून थोडे पुढे गेले की २,००० मीटर होतात. मुलांना हे अंतर रांगेने चालवावे. पंचवीस मिनिटे तरी सहज लागतात. मग त्यांना सांगावे की हेच अंतर पाण्यावरून एका मनुष्याने ६ मिनिटे ५४.९६ सेकंदांत तोडले आहे. तो मनुष्य समुद्रकाठचा नव्हे, पाण्याचे दुर्भिक्ष असलेल्या चांदवड तालुक्यातला आहे.

दत्तू बबन भोकनळ यांचा जन्म १९९१ साली नाशिक जिल्ह्यातील तळेगाव रोही या गावी झाला. ज्या जिल्ह्यात गोदावरी उगम पावते आणि ज्याच्या पश्चिमेस इगतपुरीला पावसाची झड दिवसेंदिवस थांबत नाही, त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील हा भाग पर्जन्यछायेत येतो. नकाशावर ही दोन ठिकाणे अवश्य दाखवावीत. एकाच जिल्ह्यात पावसाचे प्रमाण इतके भिन्न का, हा भूगोलाचा प्रश्न येथे आपोआप उपस्थित होतो. जेथे पाऊस कमी, तेथे विहिरी खोल. दत्तूचे वडील विहिरी खोदण्याचे काम करीत, आणि पाचवीत असल्यापासून दत्तूही त्यांच्याबरोबर त्या कामावर जाऊ लागला.

विहीर खोदणे म्हणजे काय, हे आपल्या ग्रामीण शाळांतील मुलांना समजावून सांगण्याची गरज नाही. वरची माती व मुरूम निघाला की खाली काळा कातळ लागतो. पाय रोवून, कंबरेत वाकून पहार मारायची, सुटलेला दगड उचलायचा, आणि हे सारे उन्हाने तापलेल्या अरुंद खड्ड्यात. रोइंगमध्ये ज्या मांड्या, जी कंबर व जी पाठ कामी येते, तीच येथे वर्षानुवर्षे राबत असते. या श्रमामुळेच दत्तू खेळाडू झाला, असे मात्र कृपया मुलांना सांगू नये. विहिरीच्या कामावर गेलेली सहस्रावधी मुले केवळ थकली. त्यांची पाठ मोडली, शिक्षण राहिले. दत्तूचीही शाळा मध्यंतरी सुटली व पुढे पुन्हा धरावी लागली. पेट्रोल पंपावर काम करूनही त्याने दिवस काढले. २०११ साली वडील निवर्तले आणि घराचा भार या वडील मुलावर आला.

या ठिकाणी थोडे विषयांतर होते, पण ते अस्थानी ठरू नये. प्रस्तुत लेखकाचे बालपण लालबागच्या एका चाळीत गेले. १९८२च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लक्ष कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा मी सातवीत होतो. त्या वर्षी वर्गातील हजेरीपटावर एकेका नावापुढे आडवी रेघ पडत गेली. कोणी गावी गेला, कोणी हॉटेलात लागला, कोणी परळच्या पुलाखाली भाजी विकू लागला. आमच्यात एक उंच, लांब हातांचा मुलगा होता. कबड्डीत त्याच्या हातातून कोणी सुटत नसे. तो दिवाळीनंतर आला नाही. हजेरीपटात त्याचे नाव होते, वय होते, जात होती. तो काय करू शकत होता, याची नोंद करण्यासाठी त्यात रकाना नव्हता. आजही तो नाही.

पूर्वी दुष्काळी भागातील तरुणाला गिरणगाव हा एक आसरा होता. गिरण्या गेल्या, दत्तूच्या पिढीला तो मार्ग उरला नव्हता. त्याने सैन्याचा मार्ग धरला. २०१२ साली तो पुण्याजवळच्या खडकी येथील बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये, म्हणजे ‘बॉम्बे सॅपर्स’मध्ये दाखल झाला. पूल बांधणे, नद्या ओलांडण्याची सोय करणे हे या दलाचे काम. त्यामुळे नौका आणि पाणी यांच्याशी त्याचा निकटचा संबंध असतो. तेथे कुद्रत अली या प्रशिक्षकांची दृष्टी या सहा फुटांहून उंच जवानावर गेली व त्यांनी त्याला वल्ह्यावर बसविले. दत्तूला आरंभी पाण्याचे भय वाटे. ज्याने पाणी लागावे म्हणून बालपणापासून जमीन खणली, त्याला प्रत्यक्ष पाण्याचे भय वाटावे, ही गोष्ट मुलांच्या मनात चटकन घर करते.

येथे एक तुलना उपयुक्त होईल. कयाकच्या शर्यतींतील सर्वश्रेष्ठ नाव म्हणजे जर्मनीच्या बिर्गिट फिशर. त्यांचा जन्म १९६२चा. १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये त्यांनी पहिले सुवर्णपदक मिळविले तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या, आणि २००४ साली अथेन्समध्ये शेवटचे मिळविले तेव्हा बेचाळीस वर्षांच्या. एकूण आठ सुवर्ण व चार रौप्य. त्या लहानपणीच नौकेत बसल्या होत्या, आणि त्यांच्या देशात होतकरू मुले हेरून त्यांना क्रीडाशाळांत घालण्याची पद्धत होती. (त्या व्यवस्थेत पुढे औषधांचा जो अनाचार उघडकीस आला, तोही विसरता येत नाही.) दत्तूने वल्हे हाती धरले ते वयाच्या एकविसाव्या वर्षाच्या पुढे. आपल्याकडे शोधणारी दृष्टी मुलाला शाळेत भेटली नाही, छावणीत भेटली.

आणि तरीही त्याची प्रगती विस्मयकारक झाली. पुण्याच्या दापोडी येथील लष्कराच्या रोइंग केंद्रात त्याची तयारी झाली. २०१४ साली इंचॉनच्या आशियाई क्रीडास्पर्धेत त्याने भाग घेतला, २०१५ साली बीजिंग येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्याने रौप्यपदक मिळविले, आणि २०१६च्या एप्रिलमध्ये दक्षिण कोरियातील चुंगजू येथे तो ऑलिंपिकसाठी पात्र ठरला. त्या काळात त्याची आई एका अपघातानंतर अंथरुणास खिळली होती. मुलाने काय मिळविले हे उमगण्याची तिची अवस्था राहिली नव्हती.

रिओ दि जानेरो येथे त्या वर्षी रोइंगमध्ये भारताचा तो एकटाच प्रतिनिधी होता. प्राथमिक शर्यत पार करून तो उपांत्यपूर्व फेरीत गेला. या फेरीच्या चार शर्यतींतील प्रत्येकी पहिले तिघे पुढे जाणार होते. दत्तू ६ मिनिटे ५९.८९ सेकंदांत चौथा आला. पदकाची आशा तेथेच संपली. परंतु नियमाप्रमाणे मागे राहिलेल्यांच्याही क्रमनिश्चितीच्या शर्यती होतात. त्यांतील ‘क’ गटाची अंतिम शर्यत त्याने वर सांगितलेल्या वेळेत, म्हणजे ६ मिनिटे ५४.९६ सेकंदांत जिंकली व एकंदर तेरावा क्रमांक मिळविला. ज्या शर्यतीत पदक नाही आणि प्रेक्षकही बेताचेच, ती जिंकण्यासाठी आपली स्पर्धेतील सर्वोत्तम वेळ नोंदविणे, हा या चरित्रातील मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रसंग आहे. पदकाचा प्रसंग त्याच्यानंतरचा.

तो प्रसंग २०१८चा. इंडोनेशियातील पालेंबांग येथे आशियाई क्रीडास्पर्धेत २३ ऑगस्टला एकेरीच्या अंतिम शर्यतीत दत्तू मध्येच थांबला आणि सहावा आला. प्रकृती बरी नसल्याचे त्याने सांगितले. दुसऱ्याच दिवशी स्वर्ण सिंग, ओम प्रकाश व सुखमीत सिंग यांच्यासह तो चौघांच्या नौकेत बसला, आणि ६ मिनिटे १७.१३ सेकंदांत या चौघांनी सुवर्णपदक जिंकले. पुढे त्या थांबण्याबद्दल राष्ट्रीय महासंघाने २०१९ साली त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. ती २०२०च्या जानेवारीत उठविण्यात आली. त्याच वर्षी त्याला अर्जुन पुरस्कार लाभला. ही बंदीची गोष्ट मुलांपासून लपवू नये. थोरांची चरित्रे धुवून पुसून सांगण्याची आपल्याला खोड आहे. मुलांना ती खोटी वाटू लागतात ती त्यामुळेच.

पाठ घेताना दोन गोष्टी कराव्यात. एक, वर्गातील प्रत्येक मुलाची उंची आणि दोन्ही हात पसरून या टोकापासून त्या टोकापर्यंतची लांबी टेपने मोजून वहीत लिहून ठेवावी, आणि जो मुलगा सुगीत किंवा कामाच्या दिवसांत गैरहजर राहतो, त्याचीही तो येईल त्या दिवशी न विसरता घ्यावी. टेप शिंप्याकडे सहज मिळते. मात्र प्रत्यक्ष पाण्यात, तळ्यावर वा नदीवर, जीवरक्षक जाकीट व जाणता पोहणारा यांवाचून एकाही मुलास उतरवू नये.

दोन, गणिताच्या तासाला पुढील उदाहरणे घालावीत. २,००० मीटरांस ४१४.९६ सेकंद, तर ताशी वेग किती? (उत्तर : सुमारे १७.३५ किलोमीटर.) उपांत्यपूर्व फेरी व ‘क’ गटाची अंतिम शर्यत यांच्या वेळांत किती सेकंदांचा फरक पडला, आणि याच वेगाने तेवढ्या सेकंदांत नौका किती मीटर पुढे जाईल? वारा व पाणी रोज सारखे नसते, त्यामुळे दोन दिवसांच्या वेळांची अशी तुलना काटेकोर नव्हे, हे सांगून टाकावे. उत्तर सुमारे २४ मीटर, म्हणजे त्या नौकेच्या तीन लांब्या येते. ते शाळेच्या मैदानावर फक्कीने आखून दाखवावे.