पसंतीक्रम भरण्याआधी

नीटचा निकाल लागला की घरोघरी एकच यादी तयार होते. सगळ्यात वर एमबीबीएस, त्याखाली बीडीएस, मग बीएएमएस, बीएचएमएस, मग फिजिओथेरपी, आणि यातलं काहीच जमलं नाही तर नर्सिंग किंवा ‘पॅरामेडिकलचं काहीतरी’. ही यादी कुणी लिहून दिलेली नसते, पण ती सगळ्यांना पाठ असते. पसंतीक्रमात ती जशीच्या तशी उतरते, आणि गुण जिथे थांबतील ते मुलाचं आयुष्यभराचं काम ठरतं. वर्षानुवर्षं हे प्रवेश पाहत आल्यावर माझं मत पक्कं झालं आहे की पुढच्या बहुतेक फसगतींचं मूळ या यादीत असतं. या एका शिडीच्या पायऱ्या नव्हेत, ही निरनिराळी कामं आहेत. ज्याला एक जमेल त्याला दुसरं जमेलच असं नाही, आणि एक हुकलं म्हणून दुसऱ्यात मन रमेल असंही नाही.

आधी आकड्यांचं बोलू, कारण आशा आणि निराशा दोन्ही तिथूनच सुरू होतात. २०२५ मध्ये नीटला २२ लाखांहून जास्त विद्यार्थी बसले आणि त्यांतले १२ लाखांहून अधिक पात्र ठरले. देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यांतल्याही निम्म्याच्या घरातल्या खासगी महाविद्यालयांतल्या. खुल्या गटासाठी पात्रतेची रेषा त्या वर्षी ७२० पैकी १४४ गुणांवर होती, कारण ती गुणांवर नव्हे, पर्सेंटाइलवर ठरते. म्हणजे ‘मुलगी नीट पास झाली’ या वाक्यावरून सरकारी जागेबद्दल काहीच कळत नाही. तरीही याच वाक्याच्या जोरावर दुसरा, तिसरा ड्रॉप घेतला जातो. परीक्षेला वयाची कमाल मर्यादा नाही, प्रयत्नांवरही बंधन नाही, त्यामुळे थांबायचं कुठे हे घरानेच ठरवावं लागतं. गुण थोडक्यात हुकले असतील आणि कमी कुठे पडलो हे नेमकं माहीत असेल, तर एक वर्ष देण्याला माझा विरोध नाही. पण त्याच क्लासला, त्याच पद्धतीने, केवळ ‘या वेळी होईल’ म्हणून आणखी एक वर्ष घालवणं मला पटत नाही. आणि एक गोष्ट दहावीतच लक्षात घ्यायला हवी. सरकारी महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात, उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या. त्या मिळवायच्या तर अधिवासाच्या दाखल्याबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेल्या असाव्या लागतात, अपवाद मोजकेच. क्लाससाठी लातूरऐवजी राजस्थानातल्या कोटा शहरात पाठवून बारावीचा फॉर्म तिकडच्याच शाळेतून भरला, तर अभ्यास कितीही चांगला झाला तरी आपल्याच राज्यातल्या या जागांवरचा हक्क जातो.

आता ‘निदान नावापुढे डॉक्टर तरी लागेल’ या युक्तिवादाकडे येऊ. आयुर्वेदाची ओढ असलेल्याने बीएएमएस जरूर करावं, ते गंभीर शास्त्र म्हणून शिकावं. पण आयुर्वेदाची पदवी घ्यायची आणि दवाखान्यात ॲलोपॅथीच लिहायची असा बेत आधीपासून असेल, तर पाया तपासून घ्यावा. हा अधिकार राज्याच्या कायद्यावर अवलंबून असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच स्पष्ट केलं आहे. होमिओपॅथीच्या पदवीधरांनी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केल्यास त्यांना मुभा देण्यासाठी महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा बदलला. त्यावरूनचा वाद न्यायालयात गेला आणि ॲलोपॅथी डॉक्टरांच्या संघटनेचा विरोधही कायम राहिला. पुढची चाळीस वर्षं अशा वादावर अवलंबून ठेवायची का, याचा विचार अठराव्या वर्षी कुणीतरी मुलाबरोबर बसून करायला हवा. परदेशातल्या एमबीबीएसचंही तेच. २०२१ च्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचं शिक्षण, त्याच परदेशी संस्थेत वर्षभराची इंटर्नशिप आणि इंग्रजी माध्यम आवश्यक आहे. परत आल्यावरची परीक्षा ३०० पैकी १५० गुणांनी पार करावी लागते आणि भारतातली इंटर्नशिप वेगळी. एजंटच्या माहितीपत्रकात यातलं किती छापलेलं आहे ते ताडून पाहा.

यादीच्या तळाशी ढकललेल्या कामांबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण त्यांच्याकडे कुणी नीट पाहतच नाही. डायलिसिस तंत्रज्ञाचं काम घ्या. रुग्ण आला की आधी वजन. ते त्याच्या ठरलेल्या ‘ड्राय वेट’शी, म्हणजे जादा पाणी नसतानाच्या वजनाशी, ताडून किती पाणी काढायचं याचा हिशेब. मग हातावरच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी जोडलेल्या रक्तवाहिन्यांवर, बोटं ठेवून आतल्या रक्ताची थरथर लागते का ते पाहायचं. लागली नाही तर सुई टोचायची नाही, डॉक्टरांना बोलवायचं. पुढचे चार तास रक्तदाबावर नजर. कुणाचा दाब झपाट्याने उतरतो, कुणाच्या पोटऱ्यांत गोळे येतात, आणि ते यंत्राच्या आकड्यांआधी चेहऱ्यावर दिसतं. आठवड्यातून तीनदा तोच रुग्ण येतो, वर्षानुवर्षं येतो. नेफ्रॉलॉजिस्ट राऊंडला येऊन जातात, पण ते चार तास तंत्रज्ञाच्या हातात असतात. ज्याला माणसांची अशी दीर्घ सोबत आवडते त्याच्यासाठी हे पहिल्या पसंतीचं काम आहे. ऑक्युपेशनल थेरपीचंही तसंच. अर्धांगवायू झालेल्या माणसाला शर्टाची बटणं पुन्हा स्वतः लावता यावीत यासाठी आठवडेच्या आठवडे घालवण्याची चिकाटी हा वेगळाच गुण आहे, आणि तो नीटच्या गुणपत्रिकेत दिसत नाही. या विषयाचं भारतातलं पहिलं शिक्षण कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईत केईएम रुग्णालयात सुरू केलं. पंचाहत्तर वर्षांनंतरही आपण तो दुय्यम पर्याय समजतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

यावर पालकांचा आक्षेप पगाराचा असतो, आणि तो खोटा नाही. खासगी रुग्णालयांत सुरुवातीचा पगार कमी असतो, पाळ्या लांब असतात, नर्सिंगमध्ये तर विशेष. पण कमी पगारात अडकून पडण्याचं एक मोठं कारण मान्यता नसलेलं प्रमाणपत्र हे असतं, आणि ते टाळणं आपल्या हातात आहे. नर्सिंगच्या पदवीला राज्य परिषदेची नोंदणी असेल तर सरकारी भरती आणि परदेश ही दोन्ही दारं उघडी राहतात. २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकांचाही समावेश होता. अर्थात जर्मन भाषा शिकावीच लागते. उलट दोन खोल्यांत चालणारी, ‘शंभर टक्के नोकरी’ची पाटी लावणारी, परराज्यातल्या कुठल्या तरी विद्यापीठाचा डिप्लोमा देणारी केंद्रं तालुक्या-तालुक्यात आहेत. प्रवेशाआधी तिथे विचारा: नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्नता आहे का? नसेल तर पदवी कोण देणार? शिक्षण संपल्यावर नोंदणी कोणत्या परिषदेकडे होईल? तंत्रज्ञ, थेरपिस्ट अशा संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ मध्ये स्वतंत्र केंद्रीय कायदा झालेला आहे, त्यामुळे ‘या कोर्सला नोंदणी लागत नाही’ हे उत्तर आलं तर तिथून उठावं. कामाच्या दिवशी सकाळी अकराला संस्थेच्या रुग्णालयात जाऊन ओपीडीची रांग आणि वॉर्डातल्या खाटाही पाहा. खाटा रिकाम्या असतील तर मुलांचा हात बसणार कशावर?

नीटची परीक्षा साधारणपणे मे महिन्याच्या सुरुवातीला होते आणि निकाल जूनमध्ये लागतो. हा मधला महिना-सव्वा महिना बहुतेक घरांत कटऑफचे अंदाज बांधण्यात जातो. त्याऐवजी मुलांना जवळच्या रुग्णालयात रीतसर परवानगी घेऊन रक्तपेढी, डायलिसिस, क्ष-किरण विभाग, फिजिओथेरपी, वॉर्डातली रात्रपाळी असं एकेक काम दिवसभर उभं राहून पाहू द्यावं, आणि तिथल्या तंत्रज्ञाला, सिस्टरला पगारापासून कंटाळ्यापर्यंत सगळं मोकळेपणाने विचारू द्यावं. पसंतीक्रम त्यानंतर मुलाने स्वतःच्या हाताने भरावा, आणि प्रत्येक नावासमोर ते का लिहिलं हे त्याला सांगता यावं.