ज्ञानाची पहिली पायरी

नाशिकजवळ ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी त्र्यंबकेश्वर वसले आहे. गोदावरीचा उगम याच पर्वतावर होतो. येथेच संत निवृत्तिनाथांची समाधी आहे. बालपणी आईवडिलांसह ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत असता वाघ आडवा आला, त्यांची चुकामूक झाली आणि एका गुहेत त्यांना गहिनीनाथांचा उपदेश लाभला, अशी परंपरागत कथा आहे.

तो उपदेश निवृत्तिनाथांनी आपले धाकटे बंधू ज्ञानदेव यांना दिला. दोघांच्या वयांत अंतर थोडेच होते. एकाच घरात वाढलेल्या भावाला गुरू मानणे सोपे नसते. शिवाय, संन्याशाची मुले म्हणून समाजाने या भावंडांना दूर लोटले होते. असा अपमान सोसलेल्या बुद्धिमान मुलास आपली विद्वत्ता जगापुढे मिरवावीशी वाटली असती, तर नवल नव्हते. परंतु शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, नेवासे येथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, तेव्हा ज्ञानदेवांनी तिचे सारे श्रेय निवृत्तिनाथांच्या चरणी वाहिले.

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगितली आहेत. त्यांतील पहिले लक्षण पाठांतर नव्हे, की वादातील विजयही नव्हे. ते आहे अमानित्व, म्हणजे मोठेपणाची हाव नसणे. ज्ञानदेव म्हणतात, व्याधाने वेढलेले हरिण जसे कासावीस होते, तसा ज्ञानी पुरुष स्वतःच्या स्तुतीने कासावीस होतो.

हे लक्षण पहिले का? ईश्वर अनंत आहे. ‘मला सर्व कळले’ असे जो म्हणतो, त्याची जिज्ञासा तेथेच थांबते. ‘मला अजून कळावयाचे आहे’ असे जो मानतो, त्याचेच मन उघडे राहते.

नम्रता म्हणजे लाचारी मात्र नव्हे. संस्कृतात असलेले गीतेचे ज्ञान सामान्य जनांच्या मराठीत आणण्यास धैर्य लागते. ते नम्र ज्ञानदेवांपाशी होते.

आजही दरवर्षी निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून पंढरपुरास जाते. वाटेत वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. त्यात लहानथोर हा भेद नसतो. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरीही उंच माथा सोडून खाली उतरते, म्हणूनच तिचे पाणी तहानलेल्यांपर्यंत पोहोचते.

स्वाध्याय
१. अमानित्व म्हणजे काय?
२. नम्रता आणि लाचारी यांतील फरक स्वतःच्या शब्दांत लिहा.